राजाला सांगितलेलं वचन

ताम्हिणीची विंझाई ही पुण्या-मुंबईच्या कित्येक कायस्थ प्रभू घराण्यांची कुलदेवता. त्यामुळे एरवी आडवाटेच्या या गावात बाराही महिने गाड्या येतात; कुणी ओटी भरायला, कुणी नव्या सुनेला देवीच्या पायावर घालायला. मुळशी-वेल्ह्याच्या या डोंगरांत देवाच्या नावानं राखलेली जुनी रानं अजून शिल्लक आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. त्यातल्या वनस्पतिशास्त्रापेक्षा मला कौलाची रीत जास्त लक्षात राहिली. देवराईतलं झाड घराच्या आढ्याला हवं असेल तर आधी देवाला विचारायचं. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओली फुलं नाहीतर तांदळाचे दाणे चिकटवायचे, गाऱ्हाणं घालायचं आणि कुठल्या बाजूचं आधी पडतं ते बघत बसायचं. उजवं पडलं तर होकार. डावं पडलं तर कुऱ्हाड घरी.

मी जन्मानं ख्रिस्ती. आमच्याकडे कौल, अंगारा, नवस हे सगळं एका ओळीत निकालात काढलेलं असतं, आणि मलाही कौल लावायचा नाही. पण त्या रीतीतल्या काही गोष्टी आमच्या उपासनेच्या बाकावर बसून मला खटकत राहतात. तिथे ज्याला लाकूड हवंय तोच विचारतो. चारचौघांत विचारतो. उत्तर त्याच्या विरुद्ध जाऊ शकतं आणि गेलं तर गावाच्या डोळ्यांदेखत ते पाळावं लागतं. आमच्याकडे ‘प्रभूनं मला दाखवलं’ असं म्हणणारा माणूस बहुधा खोलीत एकटा असतो, आणि त्याला दाखवलेली गोष्ट नेमकी त्याच्या सोयीची निघते. नाहीतर ती दुसऱ्याच कुणाच्या आयुष्याबद्दल असते.

हे सगळं डोक्यात यायचं कारण आमच्या मंडळीच्या तरुण संघाचं शिबिर. ते निव्याच्या बाजूला भाड्याच्या एका बंगल्यावर होतं. दिवस ऐन पावसाळ्याचे. मी स्वयंपाकावर देखरेख करायला म्हणून गेले होते आणि संध्याकाळच्या प्रश्नोत्तरांत ओढली गेले. विषय ‘आज्ञापालन’. बाहेर धुकं असं की व्हरांड्यातून फाटक दिसत नव्हतं, आणि वक्त्यानं धुक्याचा दृष्टांत दिलाच. ताम्हिणीत शिबिर घेतलं की तो द्यावाच लागतो. मग त्यांनी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातला पंधरावा अध्याय काढला. यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, या अर्थाचं तिथलं वचन आमच्याकडच्या प्रत्येक मुलानं रविवारच्या शाळेत पाठ केलेलं असतं. त्याचा अर्थ वक्त्यांनी असा लावला की आईवडील, पाळक, मंडळीचे वडील यांचं ऐकणं म्हणजेच देवाचं ऐकणं.

मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. नर्सिंग पुरं केलेली, हुशार. दुसऱ्या शहरातल्या रुग्णालयात तिला नोकरी मिळाली होती. आईला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. आठवड्यातून एकदा व्यायामोपचाराला न्यावं लागे. मंडळीतल्या एका वडिलांनी तिला सांगितलं होतं की प्रार्थनेत त्यांना स्पष्ट झालंय, प्रभूची इच्छा तिनं पुण्यातच राहावं अशी आहे. तिनं विचारलं, “प्रभूचं मन त्यांना कळतं. मग नोकरी माझी असून मला का कळत नाही?”

वक्ते म्हणाले, प्रार्थना करत राहा.

रात्री कांदे चिरता चिरता मी तो अध्याय पुन्हा मनात उघडला. ते वचन मुळात कुणाला ऐकवलेलं आहे? मुलीला नाही, सुनेला नाही, तरुण संघालाही नाही. ते शौल राजाला ऐकवलेलं आहे. अमालेक्यांचं सगळं नष्ट कर, असा त्याला हुकूम होता. (मूळ हुकूमच अंगावर काटा आणणारा आहे. तो प्रश्न मोठा आहे आणि या लेखात माझ्यानं तो सुटणार नाही.) शौलानं टाकाऊ ते मारलं आणि चांगली चांगली गुरंमेंढरं राखून ठेवली. शमुवेल आला तर त्याच्या कानावर मेंढरांचं ओरडणं पडलं. तेव्हा राजा म्हणतो, ही तर तुझ्या देवाला यज्ञात द्यायला राखलीत, आणि ती लोकांनी राखली. म्हणजे लूट स्वतःकडे, सबब देवाची आणि दोष लोकांवर. त्या तोंडावर शमुवेलानं ते वाक्य मारलं आहे. अधिकारावर बसलेल्या माणसाला त्याच्या फायद्याच्या भक्तीबद्दल ऐकवलेलं वाक्य आपण अधिकार नसलेल्यांना गप्प बसवायला वापरतो. ही उलटापालट कधी झाली कोण जाणे, पण ती आम्हाला चांगलीच अंगवळणी पडली आहे.

पुणे जिल्ह्यात आज्ञापालनावर बोलायचं तर रमाबाईंना टाळून चालत नाही. जिल्ह्याच्या एका टोकाला ताम्हिणी, जिथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. दुसऱ्या अंगाला दौंड तालुक्यातलं कोरडं केडगाव, जिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. आमच्या मंडळ्यांमध्ये रमाबाई म्हटलं की श्रद्धा, प्रार्थना, अनाथ मुली एवढंच सांगितलं जातं. त्यांनी आज्ञा किती मोडल्या हे कुणी सांगत नाही.

1883 साली त्या इंग्लंडला वाँटेजच्या भगिनी-मठात पोचल्या. वय पंचवीस, वर्षापूर्वी वैधव्य आलेलं, बरोबर दोन वर्षांची मनोरमा. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कानानं कमी ऐकू येत असल्यानं ते राहिलं. त्याच वर्षी 29 सप्टेंबरला मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. मठातल्या बायकांना वाटलं, आता ही शिष्या झाली. पण या शिष्येला क्रुसावर लॅटिन अक्षरं नकोत, संस्कृत हवीत. लॅटिन जास्त पवित्र कशी, हा तिचा सवाल. मांसाहार करायचा नाही. त्रैक्याचा सिद्धांत पटला नाही तर पटला नाही म्हणून लिहायचं. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या राहिल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, आणि मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली: परत गेल्यावर हिंदुस्थानात लोक काय म्हणतील! रमाबाई संतापल्या. जेराल्डिनबाईंनी नम्रतेचे, आज्ञाधारकपणाचे धडे पत्रांतून पाठवले. रमाबाईंनी उलट लिहिलं, त्याचा मथितार्थ असा की घरच्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, ते आता दुसऱ्या पुरोहितांकडून चढवून घेणार नाही; देवाची आज्ञा मला शिरसावंद्य, पण त्याच्या नावानं बोलणाऱ्या प्रत्येकाची नाही. ही पत्रं अ. भि. शहांच्या संपादनाखाली 1977 साली मुंबईत छापली गेली. ती जपून, जुळवून ठेवली होती ती खुद्द जेराल्डिनबाईंनीच. आपल्याशी भांडलेल्या बाईचा शब्दन् शब्द जपणारी ही बाईही मला साधी वाटत नाही.

या पत्रव्यवहारात रमाबाईंना देवाबद्दल शंका होती असं मला दिसत नाही. शंका मधल्या माणसांबद्दल होती. आणि पुढचं आयुष्य पाहिलं तर ज्या बाईनं बिशपांचं ऐकलं नाही तिनं देवाचं म्हणून जे ऐकलं ते भलतंच महाग पडणारं होतं.

11 मार्च 1889ला मुंबईत त्यांचं शारदा सदन, विधवांची शाळा, उघडलं, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. कबूल केलं होतं की विधवा मुलींवर धर्म लादणार नाही. लादला नाही. पण पहाटे स्वतः प्रार्थनेला बसताना खोलीचं दार लावायलाही त्यांनी नकार दिला. मुली येऊन बसू लागल्या. 1893 साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या, ‘केसरी’नं झोड उठवली. त्या उघड्या दारावर मी पुष्कळ विचार केला आहे. रानड्यांची बाजू मला लटकी वाटत नाही. पुण्यात विधवांची शाळा चालू राहायची तर लोकांचा विश्वास हवा, आणि दार लावायला कितीसं कष्ट? पण दार लावलं असतं तर रमाबाई स्वतःच्याच घरात चोरून प्रार्थना करणारी बाई झाल्या असत्या. त्यांनी शाळा पणाला लावली. स्वतःची शाळा. हे महत्त्वाचं.

पुढे 1896 साली लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांची सभा भरली होती; ताम्हिणीहून डोंगरांच्या रांगेनं उत्तरेला गेलं की लोणावळाच. रमाबाई पंधरा मुली घेऊन तिथे गेल्या होत्या. आपल्या ‘साक्षी’त त्या लिहितात की तिथे त्यांनी देवाकडे मागितलं, पुढच्या सभेपर्यंत या पंधरांचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस. संस्कृत पंडितेची ही प्रार्थना गणिताच्या मास्तरीणबाईसारखी आहे, आणि म्हणून मला ती खरी वाटते. तोवर सदन चालायचं ते अमेरिकेतल्या मित्रांच्या दहा वर्षांच्या वर्गणीवर, आणि ती मुदत संपत आली होती. अशा वेळी शहाणा माणूस मुली कमी करतो.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंच्या अंगावर दुष्काळ आधीच लिहिलेला होता. 1870च्या दशकातल्या उपासमारीत वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण एकामागून एक डोळ्यांदेखत गेले होते. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या आणि पोरी घेऊन आल्या. उवांनी भरलेल्या, हाडं वर आलेल्या, दिसेल ते तोंडात घालणाऱ्या. आणि पुण्यात प्लेग! शहरात इतक्या मुली ठेवू देईनात. मग केडगावला फळझाडांसाठी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर छपरं उभी राहिली. मुली तीनशेच्या आसपास झाल्या. दोनशे पंचवीसचं गणितही मागे पडलं. प्लेगच्या रुग्णालयात बायकांची जी अवस्था होते त्याबद्दल त्यांनी ‘बाँबे गार्डियन’मध्ये उघड पत्र लिहिलं आणि गव्हर्नरांच्या सरकारशी वाकडं घेतलं. म्हणजे इथेही आज्ञाधारकपणा फार टिकला नाही.

लोक म्हणतात, पाहा, देवानं कसं सगळं जुळवून आणलं! जमीन आधीच घेऊन ठेवली होती! मला हे वाक्य पटत नाही असं नाही, पण ते मागे वळून बोललेलं असतं. 1897 साली केडगावच्या माळावर उभ्या असलेल्या बाईसमोर योजना वगैरे काही नसणार. त्या दिवशीचं धान्य, पाणी आणि तापानं फणफणलेल्या पोरी असणार. आणि सगळं जुळूनही आलं नाही. जिच्या हाती मुक्ती सोपवायची ती मनोरमा 24 जुलै 1921ला गेली. चाळिशीची. एवढ्या विश्वासानं जगलेल्या बाईच्या पदरी हे का, याचं उत्तर आमच्या प्रवचनांमध्ये पटकन मिळतं, म्हणून मी ती प्रवचनं अर्ध्यात सोडते. रमाबाईंनी त्या वेळी काय केलं ते ठाऊक आहे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या अनेक वर्षं बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल असं. ते त्यांनी चालू ठेवलं. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकाच. 5 एप्रिल 1922ला रमाबाई गेल्या आणि 1924 साली ते बायबल छापून पुरं झालं. आज ते फारसं कुणी वाचत नाही. आमच्या घरीही उपासनेला दुसरंच असतं.

रमाबाईंबद्दल एवढं लिहिलं तरी त्यांच्यापुरतं एक सोपं आहे: त्यांनी ऐकलं आणि किंमतही बरीचशी त्यांनीच भरली. सगळ्यांचं असं नसतं. नारायण वामन टिळकांना 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता. लक्ष्मीबाई त्या वेळी नातेवाइकांकडे, पदरात दत्तू. पुढची काही वर्षं त्या बाईनं कशी काढली ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगायला नको. टिळक देवाच्या आज्ञेत होते असं मी मानते. पण त्या आज्ञेचा खर्च लक्ष्मीबाईंच्या खात्यावर पडला. 1917 साली टिळकांनी पुन्हा हाक ऐकली, मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. संसार पुन्हा बायकोकडे. लक्ष्मीबाई पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण नवऱ्यामागून फरफटत नाही. जातपात देवानं केली की माणसानं, हे त्यांनी आपल्या डोक्यानं सोडवलं, परक्या हातचं पाणी प्यायल्या, आणि मग. टिळकांना रेल्वेत भेटलेल्या साहेबाची गोष्ट आमच्याकडे सगळे सांगतात. मला लक्ष्मीबाईंचं ते सावकाश, एकटीनं केलेलं वळण जास्त मोठं मार्गदर्शन वाटतं.

हे वाटण्यामागे घरचं कारण आहे. माझे वडील सुवार्तिक झाले ते चांगली कायमची नोकरी सोडून. त्यांना वचन मिळालं होतं. आईला मिळालं नव्हतं. तिनं कॅम्पातल्या एका शिंप्याची काजं-बटणं घरी आणली. रात्री जेवणं झाली की ती वीतभर उजेडात काज भरत बसायची. सुई टोचून टोचून डाव्या अंगठ्याच्या पेराशी कातडी काचेसारखी टणक झाली होती. वडिलांशी ती कधी भांडली नाही. फक्त ते “प्रभूनं सांगितलं” म्हणाले की ती विचारायची, “किती दिवसांसाठी? आणि रेशनचं काही बोलला का?” आम्ही पोरं हसायचो. वडीलही हसायचे, आणि पुष्कळदा मग हिशेबाची वही काढून तिच्याशेजारी बसायचे. ते प्रामाणिक गृहस्थ होते. पण आमच्या घरात देवाची वाणी हिशेबाच्या वहीतून गाळून यायची ती आईमुळे, आणि मला वाटतं त्यामुळेच वडिलांची श्रद्धा थोतांड झाली नाही.

पवित्र शास्त्रही या बाबतीत आमच्या प्रवचनांइतकं छातीठोक नाही. प्रेषितांनी यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना चिठ्ठ्या टाकल्या, म्हणजे आमचाच कौल. त्यानंतर नव्या करारात चिठ्ठ्यांनी काही ठरवल्याचं दिसत नाही. पौल आसियात जाऊ बघतो तर आत्मा अडवतो, बिथुनियात जाऊ बघतो तर तिथेही अडवतो. कसा अडवतो ते लूक सांगत नाही. मग रात्री मासेदोनियाचा माणूस दिसतो, आणि सकाळी ‘मला दिसलं’ यावर न थांबता सगळे मिळून निष्कर्ष काढतात की तिकडे जायचं. दृष्टान्त एकाला, निष्कर्ष सगळ्यांचा, आणि पुढे फिलिप्पैला फटके आणि तुरुंग बघणाऱ्याच्याच वाट्याला. ही व्यवस्था मला रास्त वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं थोडं उठल्यावर ती मुलगी स्वयंपाकघरात आली. तिला मी पुण्यात राहा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. मला तिच्याबद्दल काहीही दाखवलेलं नव्हतं. एवढंच म्हटलं की ज्यांना तुझ्याबद्दल स्पष्ट झालंय त्यांना विचार, तू राहिलीस तर त्यात त्यांचा वाटा काय. पोहे परतताना सहज बोलले, पण पोरीनं ते मनावर घेतलं. पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर मंडपात, चहाच्या पेल्यांभोवती आठ-दहा जण उभे असताना तिनं त्या वडिलांना विचारलं: काका, मी नोकरी सोडून इथं राहिले तर पगार बुडेल. आईच्या व्यायामोपचाराला नेण्या-आणण्याचं निम्मं तुम्ही कराल का?

माझी अपेक्षा होती की गृहस्थ चिडतील. ते चिडले नाहीत. पेला खाली ठेवून म्हणाले, “न्यायचंच असेल तर तू असतानाच का, नसतानाही नेईन.” बोलून गेले आणि अडकले. मुलगी नोकरीवर रुजू झाली. गेलं वर्षभर दर गुरुवारी ते स्वतः रिक्षा घेऊन येतात, तिच्या आईला धरून तीन पायऱ्या उतरवतात, दवाखान्यात बाकावर बसून राहतात, परत आणून सोडतात. त्यांचा सत्तरीचा गुडघाही त्या पायऱ्यांवर कुरकुरतो. मंडळीच्या बैठकीत विषय निघाला की मात्र आवाज चढवून सांगतात की प्रभूची इच्छा अजून तीच आहे, मुलीनं परत यायला हवं. आणि बुधवारी रात्री त्या बाईंना फोन करून विचारतात, उद्या किती वाजता येऊ.